खुंटी ठोकली म्हणजे जमीन गेली नाही



आज तुम्हांला कायद्याची एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट कायद्याची असली तरी अवघड नाही. नीट ऐका, आणि घरी गेल्यावर पुन्हा वाचा.

आपल्या शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता जातो. मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ताही राष्ट्रीय महामार्ग आहे. त्याचा क्रमांक ६१. समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला.

रस्ता एकदा झाला म्हणजे काम संपत नाही. पावसाने कड खचते. गटार तुंबते. गाड्या वाढतात, रस्ता रुंद करावा लागतो. मग एक दिवस चार माणसे आपल्या बांधावर येतात. हातात टेप असते, दुर्बीण असते, खुंट्या असतात. आपण विचारतो, "यांना माझ्या शेतात यायचा हक्क आहे का?"

हक्क आहे. पण त्या हक्कालाही कायद्याचा बांध आहे.

पहिली गोष्ट हद्दीची. रस्त्याची स्वतःची जमीन असते. तेवढ्या जमिनीत काम करायला आपली परवानगी लागत नाही. तिथे आपणही झोपडी बांधू नये, कुंपण घालू नये. हद्दीबद्दल वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या.

हद्दीच्या पलीकडची आपली जमीन लागणार असेल तर गोष्ट वेगळी. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा कायदा आहे. रस्ता बांधायला किंवा त्याची देखभाल करायला जमीन हवी असेल, तर केंद्र सरकारने आधी राजपत्रात तसे जाहीर करायचे. यालाच अधिसूचना म्हणतात. तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायचा, त्यांतले एक लोकांच्या भाषेतले. मग या कलमाने अधिकार दिलेली माणसे शेतात येऊ शकतात. ती मोजणी करतात, माती तपासायला खणतात, चर काढतात, खुणा करतात.

पण मोजणी म्हणजे ताबा नव्हे. खुंटी ठोकली म्हणजे जमीन गेली नाही. हे पक्के ध्यानात ठेवा. पुष्कळांचे नुकसान इथेच होते. कोणी घाबरून म्हणतो, "गेली जमीन, आता काय उरलं?" आणि गप्प बसतो. कोणी काठी घेऊन धावतो, आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा ओढवून घेतो. दोघांचेही दिवस फुकट जातात. आणि हे दिवस फार मोलाचे असतात.

किती दिवस? एकवीस. अधिसूचना राजपत्रात आल्यापासून २१ दिवसांच्या आत हरकत घेता येते. घरी कागद आल्यापासून नव्हे, बरं का! हरकत लेखी द्यायची, तिची कारणे लिहायची. अधिकाऱ्याने आपले म्हणणे ऐकून घ्यायचे, असा कायदा आहे. वकील दिला तरी चालतो.

हरकत फेटाळली, तर सरकार पुढची घोषणा करते. तेव्हा जमीन सरकारची होते. तरी ताबा लगेच घेता येत नाही. मोबदला ठरवायचा, रक्कम जमा करायची, मग लेखी नोटीस द्यायची. जमीन सोडायला ६० दिवसांची मुदत असते.

मोबदला ठरण्याआधी दावे मागवले जातात. त्या वेळी कुळानेही आपला दावा द्यावा. रस्त्याने खाचर मधोमध कापले आणि उरलेला तुकडा कसायला अडचणीचा झाला, तर तेही नुकसान मागावे. रक्कम कमी वाटली तर लवादाकडे जाता येते.

जमीन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घ्यायची असेल, तर तिथली मोजणी मालकासमोर व्हावी लागते. मालक हजर नसेल तर त्याला किमान ६० दिवस आधी नोटीस दिलेली हवी. राहत्या घरात किंवा घराच्या कुंपणाच्या आवारात संमतीवाचून शिरायचे असेल, तर सात दिवस आधी लेखी कळवावे लागते. येताना पिकाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई तिथल्या तिथे द्यायची असते.

म्हणून मोजणीवाले आले तर त्यांना पाणी द्या आणि शांतपणे विचारा: "साहेब, कोणत्या कायद्याने आलात? अधिसूचना कोणत्या तारखेची? आमचा गट नंबर तीत आहे का?" उत्तरे वहीत लिहा. साहेबांचे नाव, हुद्दा, तारीख लिहा. पंचनामा झाला तर आंबा, मोह, विहीर, सगळे त्यात आले का ते वाचा. वाचल्याशिवाय सही करू नका. नक्कल मागा.

आणि आजच एक काम करा. सातबारा काढून पाहा. वडील वारले, पण नाव त्यांचेच आहे, असे किती घरांत असते! नोटीस मेलेल्या माणसाच्या नावाने निघते, आणि जिवंत माणसाला पत्ता नसतो. वारसनोंद करून घ्या. त्यात आईचे नाव, बहिणीचे नाव सुटू देऊ नका.

रस्ता सगळ्यांचा आहे. आजारी माणूस त्याच रस्त्याने दवाखान्यात जातो, आपला भाजीपाला त्याच रस्त्याने बाजारात जातो. तो नीट राहिला पाहिजे. पण शेतही राबणाऱ्याचे आहे. ज्याला कागद वाचता येतो, त्याला दोन्ही सांभाळता येतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पहिला कागद सातबाराचा वाचा.