खेळाडू विद्यार्थी आणि लेखणी
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण गुणवंत खेळाडूंचा सत्कार केला, ही आनंदाची गोष्ट आहे. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो. "खेळाडू पोरांना काय लिहिता येणार?" हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. हा समज खोटा आहे आणि घातकही आहे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पालवणकर बाळू हे नाव आपणांस ठाऊक असेल. 1911 सालच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. चर्मकार समाजातील या गोलंदाजाच्या हाती मैदानावर चेंडू दिला जाई; चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना दिले गेले नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. विठ्ठल यांनी आणखी एक मोठे काम केले. 1948 साली त्यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुढे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी या भावंडांची हकिकत जगापुढे मांडली, तेव्हा हे पुस्तक त्यांच्या उपयोगी पडले. धावफलक आकडे सांगतो. अपमान आणि जिद्द सांगायला खेळाडूचीच लेखणी लागते.

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांना मोठा मान आणि मोठा पैसा आहे. तेथील फुटबॉलपटू डेक्स्टर मॅनली यांनी 1989 साली सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, विद्यापीठात चार वर्षे काढूनही आपल्याला धड वाचता येत नव्हते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर 1993 ते 2011 या काळात असे अभ्यासक्रम चालले की ज्यांचे वर्ग भरतच नसत. एक निबंध दिला की चांगले गुण मिळत. 2014 च्या चौकशी अहवालानुसार 3100 हून अधिक विद्यार्थी त्यांतून गेले आणि या वर्गांतील जवळजवळ निम्मे प्रवेश खेळाडूंचे होते. सामने जिंकले गेले, पण त्या मुलांच्या पदरी काय पडले?

आपण दूर कशाला जावे? आपल्याकडे खेळाडूचा प्रकल्प मित्र लिहितो, जर्नल बहीण उतरवून देते आणि आपण त्याला मदत म्हणतो. प्रशिक्षकाने खेळाडूऐवजी स्वतः चढाई केली तर खेळाडू तयार होईल काय?

मग शिकवावे कसे? आमचा अनुभव सांगतो. 'माझा आवडता ऋतू' असा विषय दिला की कबड्डीपटू कोरा कागद ठेवतो. त्यालाच म्हणावे, "तुझी कालची शेवटची चढाई सांग." तो भराभर सांगतो: निदान रेषा कधी ओलांडली, कोणता कोपरारक्षक पुढे सरकला, पाय कोणी धरला. मग म्हणावे, "आता हेच लिही. ज्याने सामना पाहिला नाही, त्याला दिसले पाहिजे." तीस सेकंदांच्या चढाईचे पानभर लेखन होते. क्रम, कारण आणि परिणाम तो मैदानावर शिकलेलाच असतो. ते कागदावर आणणे एवढेच बाकी असते.

दुसरे असे की, चांगला प्रशिक्षक एका दिवशी एकच चूक दाखवतो. आम्ही मास्तर मंडळी मात्र पहिल्याच पानावर लाल शाई सांडतो. आज फक्त वाक्य पूर्ण करणे, उद्या परिच्छेद, परवा शुद्धलेखन, असे चालावे. एकच मजकूर तीनदा लिहायला सांगितला तर खेळाडू कंटाळत नाही, कारण सराव म्हणजे काय हे त्याच्याइतके कोणाला कळते? सायंकाळी अंग मोडून आलेल्या मुलाकडून तासभर लेखनाची अपेक्षा धरू नये. सकाळी वीस मिनिटे पुरतात. सामन्यासाठी बाहेरगावी जाताना पिशवीत एक वही असावी.

तिसरे, अर्ज लिहिता आला पाहिजे. स्पर्धेमुळे बुडालेली हजेरी, न मिळालेला प्रवासखर्च, राहिलेली परीक्षा या गोष्टी तोंडी सांगून सुटत नाहीत. अर्जात तारखा असाव्यात, मागणी एका वाक्यात असावी, कागदपत्रे जोडावीत आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पण तेथेही क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी, अर्ज आणि पत्रव्यवहार आहेच. पदक मिळवूनही कागदापाशी अडलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

संस्थेच्या सभासदांना आमची विनंती आहे. सत्काराबरोबर एक खोली, एक दिवा आणि आठवड्यातून दोन तास या मुलांना द्या. त्यांचे लिहून देऊ नका, त्यांच्याजवळ बसा. विद्यार्थी मित्रांनो, गुडघा एक दिवस दुखावतो, वय वाढते, संघात दुसरा येतो. त्या दिवशी आपली बाजू आपल्या शब्दांत मांडता आली पाहिजे. आजच्या सामन्यावर आज रात्रीच पाच ओळी लिहा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.