अस्वलाची गाठ आणि एक बिघडलेले छायाचित्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात देवनहळ्ळी येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे फायली पुढे सरकविणाऱ्या माणसाने अस्वलावर बोलावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आम्ही प्राणिशास्त्रज्ञ नव्हे, शिकारी तर नव्हेच. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो, नोकरीत लागलो आणि बदल्यांच्या ओघात या देवनहळ्ळीस येऊन स्थिरावलो. रविवारी डोंगर चढावेत आणि गळ्यात कॅमेरा असावा, एवढाच काय तो आमचा छंद. त्या छंदापायी एकदा जी चूक घडली, ती आज आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

या सभागृहाच्या गच्चीवरून उत्तरेस पाहिले की नंदीचा डोंगर दिसतो. १७९१ साली इंग्रजांनी तो किल्ला टिपू सुलतानाच्या सैन्याकडून घेतला. योगायोग असा, की त्याच वर्षी जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या देशी अस्वलाला शास्त्रीय नाव दिले, आणि तेही चुकीचे. लांब नखे पाहून त्याने या प्राण्याची गणना दक्षिण अमेरिकेतील 'स्लॉथ' या मंदगती प्राण्यात केली. पुढे चूक उमगली, प्राणी अस्वलांच्या कुळात आला. पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव कायमचे चिकटले. हे 'मंद' अस्वल धावू लागले म्हणजे माणसाला सहज गाठते, हे मात्र त्या नावात कोठेच येत नाही.

नावाचा असाच एक गोंधळ आमच्या घरातही झाला. येथे आल्यावर शेजाऱ्यांनी बजावले, "त्या रानात जपून जा, करडी आहे." आमच्या सौभाग्यवती खामगावकडच्या. त्यांनी निरागसपणे विचारले, "असू द्या की! आमच्याकडेही करडी पेरतात." कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल, हे त्या दिवशी समजले. परमुलखात भाषा शिकावी ती अशी!

आमची आणि अस्वलाची ओळख मात्र जुनी. आमचे बालपण खामगावी गेले. खामगावहून बुलढाण्यास जाणारा बोथ्याच्या घाटाचा रस्ता ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ते रान ठाऊक असेल. १९९७ साली तेथे ज्ञानगंगा अभयारण्य झाले. त्या रानात अस्वले होती, आजही आहेत. पण आम्ही प्रथम पाहिले ते रानातले नव्हे, दरवेश्याचे. नाकात वेसण, तोंडाला मुसके, दरवेश्याच्या हाती दोरी आणि डमरू. लेकरांची भीती जावी म्हणून त्यांना अस्वलाच्या पाठीवर बसवीत. आम्हालाही बसविले होते. एक केस उपटून ताइतात घातला होता. त्या खरखरीत केसांचा स्पर्श अजून आठवतो. वेसणीची जखम मात्र आठवत नाही, कारण ती आम्ही पाहिलीच नव्हती.

अशा खेळासाठी पिलू पकडावयाचे, तर बहुधा आईला मारावे लागे, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला आश्रय दिला, तरी हा व्यवसाय पुढे कित्येक वर्षे चालूच राहिला. बंगळूरजवळ बन्नेरघट्टा येथे वनखात्याच्या सहकार्याने 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने सोडविलेल्या अस्वलांसाठी केंद्र काढले. कलंदर कुटुंबांना दुसऱ्या उद्योगासाठी साहाय्य देऊन त्यांच्याकडील अस्वले हळूहळू तेथे आणली गेली. देशातील शेवटचे नाचरे अस्वल म्हणून ज्याची तेव्हा नोंद झाली, ते २००९ च्या अखेरीस याच केंद्रात आले.

आता रानातल्या अस्वलाकडे वळू. अंगावर लांब काळे केस, छातीवर पांढुरका चंद्रकोरीसारखा पट्टा, आणि बोटाएवढी वाकडी नखे. याचे मुख्य खाद्य वाळवी आणि मुंग्या. नखांनी वारूळ फोडावे, फुंकरीने माती उडवावी आणि नाकपुड्या मिटून ओठांनी वाळवी ओढून घ्यावी, अशी त्याची रीत. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून हा ओढण्याचा व्यवहार चालतो. त्याचा फुरफुर आवाज बऱ्याच अंतरावरून ऐकू येतो. जांभूळ, बोर, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुले, मध ही त्याची मेजवानी. आणि खाल्लेल्या फळांच्या बिया रानभर पसरविण्याचे कामही तो विनावेतन करतो.

घ्राणेंद्रिय तीक्ष्ण, पण दृष्टी आणि श्रवण बेताचे. म्हणूनच माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा पळावयास वेळ उरलेला नसतो. वाघाच्या शेजारात ज्याची पिढ्यान्‌पिढ्या हयात गेली, त्याने अशा वेळी उलट अंगावर जाण्याची सवय लावून घेतली, असे अभ्यासक मानतात. मादीला बहुधा एक किंवा दोन पिले होतात आणि ती त्यांना कित्येक महिने पाठीवर घेऊन हिंडते. आमच्या गोष्टीतली मादी अशीच होती.

२०११ सालच्या गुढीपाडव्यानंतरचा रविवार. तुमकूरजवळच्या देवरायनदुर्गास आम्ही चौघे गेलो होतो: कचेरीतील दोन स्नेही, आम्ही, आणि आमचा अकरा वर्षांचा मुलगा. नरसिंहाचे दर्शन घेऊन खालच्या पायवाटेने उतरावयाचे, असा बेत होता. वाटेत एक वृद्ध मेंढपाळ भेटले. त्यांनाही खालीच जावयाचे होते, म्हणून ते बरोबर निघाले. पहाटे अस्वल दिसते असे ऐकले होते. म्हणून आम्हीच सर्वांना दटावले होते, की कोणी बोलावयाचे नाही. वारा समोरून येत होता. छायाचित्रासाठी हे उत्तम, असे आम्ही मनाशी म्हटले.

एका वळणावर फुरफुर ऐकू आली. तीस-पस्तीस पावलांवर मादी वारूळ उकरीत होती आणि तिच्या पाठीवर दोन पिले केसांना घट्ट धरून बसली होती. मंडळी, काय सांगावे! आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण समोर उभा होता. शहाण्या माणसाने पाऊल मागे घेतले असते. आम्ही पुढे टाकले. पिलांच्या मध्ये झुडपाची एक फांदी येत होती, ती टाळावयाची होती, एवढेच कारण. आणखी दोन पावले. पायाखाली वाळकी काटकी मोडली.

मादी मागच्या पायांवर उभी राहिली. आमचा डोळा कॅमेऱ्याला आणि बोट कळीवर. पुढची घटका कशी गेली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलेच नाही, कॅमेऱ्याच्या काचेतून पाहिले. ती धावली, पण आमच्या रोखाने नव्हे. डाव्या हाताला, आमच्यापासून दहा पावलांवर मुलगा उभा होता. ती तिकडे वळली. तेवढ्यात ते वृद्ध मेंढपाळ मुलाच्या पुढे झाले, हातातली काठी जमिनीवर आपटली आणि असा काही आवाज काढला, की डोंगर घुमला. मादी आठ-दहा हातांवर थबकली, फुत्कारली, वळली आणि पिलांसह झाडीत दिसेनाशी झाली.

आमचे स्नेही मटकन खाली बसले होते. मेंढपाळाने आमच्याकडे वळून कन्नडमध्ये म्हटले, "स्वामी, तुम्ही गुपचूप आलात, वाऱ्याच्या उलट बाजूने आलात. तिला कळावे कसे?" त्या शब्दांत राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. आम्ही पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून ते आपल्या मेंढरांकडे निघून गेले.

उतरताना मुलगा बराच वेळ गप्प होता. पायथ्याशी नामद चिलुमेच्या झऱ्यावर पाणी पिताना त्याने विचारले, "बाबा, तेव्हा तुम्ही फोटो काढत होतात?" आम्ही 'हो' म्हणालो. त्याने पुन्हा काही विचारले नाही. आजतागायत विचारलेले नाही.

घरी येऊन ती छायाचित्रे पाहिली. एकात मादीच्या जागी काळा फराटा आहे, पिलांचा पत्ता नाही. फक्त एका कोपऱ्यात मुलाच्या सदऱ्याची लाल बाही तेवढी स्वच्छ आली आहे. ते छायाचित्र आम्ही चौकटीत घालून कॅमेऱ्याच्या कपाटावर लावले आहे. दर रविवारी कॅमेरा काढताना त्याच्याकडे पाहावे लागते.

पुढे दोन वर्षांनी आम्ही दरोजीला गेलो. हंपीपासून जवळच, केवळ अस्वलांसाठी म्हणून १९९४ साली हे अभयारण्य झाले. दुपारी वनखात्याचे लोक खडकांवर गोड पदार्थ चोपडून ठेवतात आणि उन्हे कलली की अस्वले खाली उतरतात. समोरच्या टेकडीवरील मनोऱ्यातून ती निवांत पाहावीत. आपल्या घरची वाटावी अशी एक गोष्ट या परिसराशी जोडलेली आहे. शेजारच्या सोंडूर संस्थानचे घोरपडे हे मराठी घराणे. त्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे (१९३१–२०११) कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि वन्यजीवांचे नामांकित छायाचित्रकारही. 'सनलाइट अँड शॅडोज' हा त्यांचा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला.

त्या मनोऱ्यावर दूरवेधी भिंगातून आम्हाला मादी आणि पिले यांचे स्वच्छ छायाचित्र मिळाले. तिला आमचा उपद्रव नाही, आम्हाला तिचा नाही. हाच प्रदेश किष्किंधा मानला जातो, तेव्हा जांबवंताची आठवण होणे ओघानेच आले. गणेशचतुर्थीस चंद्र दिसला की आपण स्यमंतक मण्याची कथा ऐकतो. त्या कथेत जांबवंताने तो मणी आपल्या बालकास खेळावयास दिला होता. गुहेत परका शिरलेला पाहून दाई ओरडली, म्हणून जांबवंत कृष्णावर धावला. लहानपणी आम्ही ही मण्याची कथा समजत होतो. देवरायनदुर्गानंतर ती बालकाची कथा आहे, असे वाटू लागले.

आपल्यातील अनेक तरुण मंडळी डोंगरांवर जातात, आणि आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. २०१८ साली ओडिशात नबरंगपूर जिल्ह्यात एक गृहस्थ जखमी अस्वलाबरोबर स्वतःचे छायाचित्र घेण्यास गेले आणि प्राणास मुकले. म्हणून वडीलकीच्या नात्याने थोडे सांगतो. अस्वलाच्या रानात पहाटे व तिन्हीसांजेला पायी हिंडू नये. एकट्याने जाऊ नये. बोलत, काठी वाजवीत चालावे. अस्वल दिसल्यास धावू नये, त्याच्यावरून नजर न काढता हळूहळू मागे सरावे. पिले दिसली, तर कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. आणि बरोबर मुले असतील, तर आधी त्यांचा हात धरावा.

आमचा मुलगा आता परदेशी असतो. तिकडच्या डोंगरांत फिरताना तो पाठपिशवीला घंटा बांधतो, असे गेल्या महिन्यात त्याने कळविले. पत्राबरोबर छायाचित्र नव्हते. आम्हाला फार बरे वाटले.