ढोरक्याची बासरी



पांढरकवड्याहून दक्षिणेला निघालेली सडक पाटणबोरी सोडते, पैनगंगा ओलांडते आणि तेलंगणात शिरते. पुढे हैदराबाद, बंगळूर, मदुराई करीत ती थेट कन्याकुमारीला पोचते. आज आपण याच सडकेने जाऊ. बरोबर घेऊ फक्त आपल्या ढोरक्याची बासरी.

ही बासरी आपल्या जिल्ह्यात कुणी ऐकली नाही? कोलामांच्या पोडावर ती ढोलाच्या जोडीने वाजते. तरी एखाद्या पोराने ती शाळेत आणली की आपण पटकन म्हणतो, ‘‘ठेव ती! ढोरं राखायची आहेत काय?’’

तिकडे तमिळ मुलखात याच वेळूच्या नळीवर कर्नाटक संगीताची भरगच्च मैफल होते. हा मान तिला मिळवून दिला कुंभकोणमच्या शरभशास्त्र्यांनी. त्यांना दृष्टी नव्हती. १९०४ साली, ऐन तिशीत, ते वारले. पण शिष्य पल्लडम संजीव राव यांनी ती विद्या राखली. पुढे टी. आर. महालिंगम (१९२६–१९८६) यांनी बोटे ठेवण्याची रीतच बदलली आणि बासरी गळ्यासारखी गाऊ लागली.

यात अवघड ते काय? गळा एका सुरावरून दुसऱ्यावर हेलकावत जातो. याला गमक म्हणतात. कर्नाटक रागाचा तो प्राणच. बासरीची छिद्रे मात्र जागची हलत नाहीत. तिकडच्या बासरीला बोटांसाठी आठ छिद्रे असतात, तरी तेवढ्याने भागत नाही. मग वादक बोट पुरते न उचलता थोडेसे सरकवतो. छिद्र अर्धेच उघडते आणि सूर हेलकावतो.

उत्तरेकडच्या संगीतातही पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरी लांब करून तिला मैफिलीत बसवले. म्हणजे दोन्हीकडे वाद्य तेच, रानातले!

तेव्हा गुरुजी, बाई, उद्या त्या पोराला बासरी वर्गात आणू द्या. सगळी छिद्रे झाकून त्याला फुंकायला सांगा. आतला हवेचा स्तंभ लांब, म्हणून सूर खालचा. आता खालच्या टोकाकडून एकेक बोट उचलू द्या. स्तंभ आखूड होत जातो, सूर चढत जातो. विज्ञानाचा धडा झाला. मग म्हणा, ‘‘बाळ, आता बोट अर्धेच उचल बरं!’’ कदाचित त्याला ते आधीपासूनच येत असेल. रानात कुणी ऐकणारे नव्हते, एवढेच.

तुम्ही ऐका.