कॅलीचे पतन आणि एका माणसाचा नकार

(कुटुंब प्रबोधन वर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कुटुंब प्रबोधनाच्या वर्गात कोलंबियातील कोकेनच्या टोळीवरील मालिकेची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. ही मालिका आपल्या घरातील तरुण मुले पाहत आहेत. पूर्वी घरात एक दूरचित्रवाणी संच असे आणि तो दिवाणखान्यात असे, त्यामुळे कोण काय पाहतो ते सर्वांना दिसे. आता पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. अशा वेळी मालिकेचा नुसता निषेध करून भागत नाही. तिच्यातील खरे काय, रंगवलेले काय आणि घेण्याजोगे काय, हे वडीलधाऱ्यांना सांगता आले पाहिजे.

मी बोलतो आहे ते ‘नार्कोस’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वाविषयी. नेटफ्लिक्सवर 1 सप्टेंबर 2017 रोजी ते प्रदर्शित झाले. त्याचे 10 भाग आहेत आणि विषय आहे कॅली शहरातील टोळीचा अंत. तिच्यातील हिंसा आणि काही दृश्ये पाहता ती लहान मुलांसाठी नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. परंतु तिच्यामागील इतिहास मात्र प्रत्येक सुजाण नागरिकाने समजून घ्यावा असा आहे.

दंडाची टोळी आणि दामाची टोळी

साम, दाम, दंड, भेद हे चार उपाय आपल्याला ठाऊक आहेत. राज्यकर्त्याच्या हातातील हे उपाय गुन्हेगाराच्या हाती गेले तर काय होते, याचा वस्तुपाठ म्हणजे 1980 आणि 1990 च्या दशकातील कोलंबिया.

मेदेयीन शहरातील पाब्लो एस्कोबारने दंडाचा मार्ग धरला. तेथे एक वाक्प्रचार रूढ झाला होता, ‘चांदी की शिसे?’ म्हणजे लाच घेतोस की गोळी खातोस? 1984 मध्ये न्यायमंत्री रॉद्रिगो लारा बोनिया यांची हत्या झाली. 1986 मध्ये ‘एल एस्पेक्तादोर’ या दैनिकाचे संपादक गियेर्मो कानो यांना कार्यालयाबाहेर ठार मारण्यात आले. 1989 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान भर सभेत गोळ्यांना बळी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका प्रवासी विमानात बॉम्बस्फोट झाला आणि विमानातील सर्व 107 जण मृत्युमुखी पडले. अखेर 2 डिसेंबर 1993 रोजी एस्कोबार पोलिसांच्या कारवाईत मारला गेला. जगाने सुटकेचा निःश्वास टाकला.

वस्तुतः त्याच क्षणी दुसरी टोळी सर्वांत बलाढ्य झाली होती. कॅलीचे गिल्बेर्तो आणि मिगेल रॉड्रिग्ज ओरेहुएला हे दोघे भाऊ, होसे सान्ताक्रूझ लोंदोन्यो आणि हेल्मेर हेरेरा असे तिचे चार म्होरके. एस्कोबारचा पाडाव करणाऱ्या त्याच्या शत्रूंच्या गटाला पैसा पुरवणाऱ्यांत हेच लोक होते. गिल्बेर्तोला ‘बुद्धिबळपटू’ म्हणत. यांनीही खून केले, ते संत नव्हते. परंतु यांचा भर शिशावर कमी आणि चांदीवर अधिक होता. मंत्र्याला मारले तर देश खवळतो, मंत्र्याला विकत घेतले तर कोणाला पत्ताही लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

विकत घेतलेले शहर

या भावांची औषधांच्या दुकानांची देशभर साखळी होती. नभोवाणी केंद्रे होती, बँकेत हितसंबंध होते. ‘अमेरिका दे कॅली’ हा नामवंत फुटबॉल क्लब त्यांच्या पैशावर पोसला जात होता. सामान्य नागरिक त्यांच्या दुकानातून मुलाच्या तापाचे औषध आणत होता आणि त्यांच्या संघाच्या विजयावर टाळ्या वाजवत होता. गुन्हेगार आणि उद्योजक यांच्यातील रेषा पुसली गेली होती. अमेरिकेत 1991 मध्ये मायामी येथे काँक्रीटच्या खांबांच्या पोटात दडवलेले सुमारे 12 टन कोकेन पकडले गेले. व्यापार इतका रीतसर होता की चोरटा माल बांधकाम साहित्य म्हणून नोंदवला जात होता.

पैशाचा हा ओघ कोठवर पोहोचला? 1994 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एर्नेस्तो साम्पेर विजयी झाले आणि पाठोपाठ पराभूत उमेदवार आंद्रेस पास्त्राना यांनी काही ध्वनिफिती उघड केल्या. साम्पेर यांच्या प्रचाराला कॅलीचा पैसा पुरवल्याचे संभाषण त्यांत होते. महाअभियोक्ता आल्फोन्सो वाल्दिविएसो यांनी चौकशी सुरू केली. ‘प्रकरण 8000’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. प्रचाराचे खजिनदार आणि माजी संरक्षणमंत्री तुरुंगात गेले, कित्येक संसद सदस्य अडकले. साम्पेर यांनी आपल्याला काहीच ठाऊक नसल्याचे सांगितले. 1996 मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने त्यांच्यावरील आरोप फेटाळले. अमेरिकेने मात्र त्यांचा व्हिसा रद्द केला.

हा केवळ कोलंबियाचा दोष, असे म्हणून आपण हात झटकू नये. 1995 मध्ये अमेरिकेत दाखल झालेल्या आरोपपत्रात अमेरिकी वकीलही होते आणि त्यांतील एक जण पूर्वी त्याच देशाच्या न्याय खात्यात वरिष्ठ पदावर होता.

कौटिल्याने अर्थशास्त्रात म्हटले आहे की पाण्यातील मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे राजाच्या कामावरील अधिकारी धन केव्हा खातो हे कळत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण कॅलीला तंतोतंत लागू पडते. आपल्या देशातही त्याच काळात हा प्रश्न उभा होता. मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांच्या साटेलोट्यावरच बोट ठेवले होते. म्हणून ही कथा दूरदेशीची असली तरी परकी नाही.

एका अभियंत्याचा नकार

आता गाभ्याकडे येतो. एवढी बलाढ्य टोळी पडली कशी?

पहिले कारण, वरिष्ठ पदावर आलेला एक स्वच्छ माणूस. डिसेंबर 1994 मध्ये जनरल रोसो होसे सेरानो यांनी राष्ट्रीय पोलीस दलाची सूत्रे हाती घेतली. त्यांनी स्वतःच्या दलातील हजारो जणांना घरी पाठवले. शत्रूवर चाल करण्यापूर्वी त्यांनी आपले घर झाडले. 9 जून 1995 रोजी गिल्बेर्तो पकडला गेला.

दुसरे कारण, होर्हे साल्सेदो. मालिकेचा खरा नायक हाच आहे. हा शिकलेला अभियंता होता आणि त्याचे वडील सेनाधिकारी होते. 1989 मध्ये एस्कोबारवर हल्ला घडवून आणण्यासाठी कॅलीच्या टोळीने त्याला जवळ केले. पुढे तो टोळीचा सुरक्षाप्रमुख झाला. दूरध्वनी चोरून ऐकण्याची यंत्रणा, संदेशवहन, पहारा ही सर्व कामे त्याच्याकडे होती. साल्सेदो निर्दोष नव्हता. वर्षानुवर्षे त्याने या पापाला कुंपण घातले. मी केवळ तांत्रिक काम करतो, माझ्या हाताला रक्त नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

बंधूंनो, ही समजूत फार ओळखीची आहे. मी केवळ सही करतो, मी केवळ हिशेब लिहितो, निर्णय वरचे घेतात. अधर्माच्या यंत्रात चाक होऊन फिरणारा प्रत्येक सुशिक्षित माणूस हेच म्हणतो.

1995 मध्ये साल्सेदोची परीक्षा आली. टोळीचा हिशेबनीस गियेर्मो पायोमारी याला सर्व लाचखोरांची नावे ठाऊक होती. तो जिवंत राहणे मालकांना परवडणारे नव्हते. त्याच्या हत्येची व्यवस्था करण्याचा हुकूम साल्सेदोला झाला. येथे तो थांबला. उघड नकार म्हणजे स्वतःचा आणि बायकामुलांचा मृत्यू. त्याने गुप्तपणे अमेरिकी यंत्रणांशी संपर्क साधला आणि मिगेलचा ठावठिकाणा कळवला.

पहिला छापा फसला. मिगेल भिंतीमागच्या चोरकप्प्यात दडून बसला होता आणि शोधणारे हात हलवीत परतले. खबर आतूनच फुटली, हे टोळीच्या लक्षात आले. तरीही साल्सेदो पळाला नाही. मालकाचा विश्वासू म्हणून तो कामावर जात राहिला आणि नवा पत्ता कळवत राहिला. 6 ऑगस्ट 1995 रोजी पहाटेच्या छाप्यात मिगेल पकडला गेला. साल्सेदो आणि पायोमारी दोघेही अमेरिकेच्या संरक्षणात गेले. साल्सेदोला नवे नाव घ्यावे लागले. देश, घर, आप्तेष्ट, नाव, सर्व सोडावे लागले. उशिरा केलेल्या सत्कृत्याची ही किंमत होती. ती त्याने मोजली.

मालिका काय रंगवते, काय सोडते

मुलांशी बोलताना दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. मालिकेत हाविएर पेन्या हा अमेरिकी अधिकारी कॅलीविरुद्धच्या मोहिमेच्या केंद्रस्थानी आहे. प्रत्यक्षात पेन्या हे एस्कोबारविरुद्धच्या शोधमोहिमेत होते, कॅलीचे प्रकरण त्यांचे नव्हे. हे काम ख्रिस फाइस्टल आणि डेव्हिड मिचेल या अधिकाऱ्यांनी कोलंबियाच्या पोलिसांसह केले. नाटकाला ओळखीचा चेहरा लागतो, इतिहासाला लागत नाही.

दुसरे, पडद्यावर टोळीप्रमुखांचे वाडे, मेजवान्या आणि रुबाब दिसतो, शेवट मात्र झटपट उरकला जातो. तो शेवट आपण सांगावा. सान्ताक्रूझ 1996 मध्ये तुरुंगातून पळाला आणि दोन महिन्यांत मारला गेला. हेरेरा शरण आला आणि 1998 मध्ये तुरुंगातच त्याचा खून झाला. गिल्बेर्तो 2002 मध्ये काही काळ सुटला, पुन्हा पकडला गेला आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या हवाली झाला. पाठोपाठ 2005 मध्ये मिगेलही गेला. 2006 मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला. प्रत्येकी 30 वर्षांची शिक्षा झाली आणि 2 अब्ज 10 कोटी डॉलरची मालमत्ता सोडून देण्याचे त्यांनी मान्य केले. 2022 मध्ये गिल्बेर्तो अमेरिकेच्या तुरुंगातच मरण पावला. त्या फुटबॉल क्लबचे नाव अमेरिकेच्या काळ्या यादीतून निघायला 2013 साल उजाडले. पाप करणारे तुरुंगात गेले आणि खेळाडूंनी त्याचा डाग वर्षानुवर्षे वागवला.

तिसरे आणि सर्वांत कटू. टोळी पडली, कोकेन संपले नाही. कॅलीची जागा दुसऱ्या टोळ्यांनी घेतली, मेक्सिकोच्या टोळ्या प्रबळ झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार 2023 मध्ये कोलंबियात 2 लाख 53 हजार हेक्टरवर कोकाची लागवड होती. हा तोपर्यंतचा उच्चांक होता. जोवर श्रीमंत देशांतील शहरांत विकत घेणारा हात पुढे येतो, तोवर पुरवणारा हात निर्माण होत राहणार.

घराचे काम

मग करायचे काय? सरकार, पोलीस, न्यायालये यांचे काम त्यांनी करावेच. परंतु सेरानो यांच्यासारखा अधिकारी आणि संकटाच्या क्षणी ‘हे मी करणार नाही’ म्हणणारा माणूस कोणत्याही कायद्याने निर्माण होत नाही. तो घरात घडतो. घरात आलेला पैसा कोठून आला, हे विचारण्याची मोकळीक ज्या कुटुंबात आहे, त्या कुटुंबात चांदीची भाषा चालत नाही. ओळखीचा माणूस एकाएकी श्रीमंत झाला की आपण त्याचे कौतुक करतो की त्याच्या उत्पन्नाचा विचार करतो, हे मुले न्याहाळत असतात. सार्वजनिक कार्यासाठी देणगी घेतानाही देणाऱ्याचा पैसा स्वच्छ आहे का, हे पाहण्याची सवय आपण कार्यकर्त्यांनी स्वतःला लावली पाहिजे. देणगी नाकारायला धैर्य लागते, कारण काम अडलेले असते आणि पैसा समोर असतो.

साल्सेदोने नकार दिला तेव्हा सहा वर्षे उलटून गेली होती आणि त्याला सर्वस्व गमवावे लागले. तोच नकार पहिल्या दिवशी दिला असता, तर त्याला एक नोकरी सोडून द्यावी लागली असती. नकार जितका लांबवावा तितका तो महाग होत जातो, एवढे आपण आपल्या मुलांना सांगू शकलो, तर या मालिकेवर घालवलेला वेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.