हिर्शस्प्रुंग विकार : ऊती-रंजनाची साक्ष



नवजात बालकाला साधारणतः पहिल्या २४ तासांत काळपट-हिरवा मल होतो. ४८ तास उलटूनही तो झाला नाही, पोट फुगले, हिरवट उलट्या होऊ लागल्या, तरी अनेक घरांत पोटाला हिंग लावणे, घुटी उगाळणे चालू राहते. हे सारे मायेपोटीच घडते. परंतु त्यात गेलेला वेळ बालकाच्या जिवावर बेतू शकतो. कारण या लक्षणांमागे हिर्शस्प्रुंग हा जन्मजात विकार असण्याचा संभव असतो.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथे अशा दोन बालकांची हकिगत मांडली. सुमारे ५००० जन्मांमागे एका बालकात हा विकार आढळतो. गर्भावस्थेत चेतापेशी अन्नमार्गातून वरून खाली प्रवास करीत गुदाशयापर्यंत पोहोचतात. हा प्रवास मध्येच थांबला, तर पुढचे आतडे चेतापेशींविना राहते. ते सैल होत नाही व मल पुढे सरकत नाही. वरचे निरोगी आतडे मात्र फुगत जाते. दीर्घकाळ या फुगलेल्या भागालाच दोषी मानले गेले. खरा दोष खालच्या, वरकरणी साध्या दिसणाऱ्या भागात आहे, हे जाणून ऑर्व्हर स्वेन्सन यांनी १९४८ साली तो भाग काढून टाकणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

क्ष-किरण तपासणीने संशय बळावतो. निर्णय मात्र ऊतीच देते. गुदाशयाच्या अस्तराचा काही मिलिमीटरचा तुकडा शोषण-यंत्राने घेतात. त्या जागी वेदनेची जाणीव नसल्याने तान्ह्या बालकाला बहुधा पूर्ण भूल द्यावी लागत नाही.

पहिली पद्धत हिमॅटॉक्झिलिन-इओसिन रंजनाची. यात पेशीकेंद्र निळसर-जांभळे व उर्वरित भाग गुलाबी दिसतो. चेतापेशी दिसली तर शंका जवळजवळ मिटते. परंतु ती ‘नाही’ असे म्हणण्यासाठी एकाच तुकड्याचे अनेक पातळ काप तपासावे लागतात. शिवाय नवजाताच्या अपक्व चेतापेशी सहज नजरेतून सुटतात.

दुसरी पद्धत ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराची. १९७२ साली मायर-रुगे व सहकाऱ्यांनी ती निदानासाठी मांडली. विकारग्रस्त अस्तरात जाड चेतातंतूंचे तपकिरी जाळे उमटते. मात्र तुकडा फॉर्मलिनमध्ये न घालता ताजाच गोठवावा लागतो आणि पहिल्या काही आठवड्यांत हे जाळे विरळ असू शकते.

तिसरी कॅलरेटिनिन या प्रथिनाची, एकविसाव्या शतकात रुळलेली पद्धत. येथे न्याय उलटा आहे : निरोगी अस्तरात बारीक तंतू रंगतात, विकारग्रस्त अस्तरात रंग उमटत नाही. फॉर्मलिनमधील तुकडा चालत असल्याने लहान गावातील रुग्णालयातूनही तो दूरच्या प्रयोगशाळेत पाठविता येतो.

तुकडा फार खालून किंवा अपुरा आला, तर कोणतेही रंजन खात्रीचे उत्तर देऊ शकत नाही. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बायोप्सी सांगितली, तर पालकांनी तिला हलगर्जीपणा समजू नये. चुकीच्या निदानावर केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुसरा तुकडा केव्हाही बरा. उलट उपचार लांबले, तर आतड्याचा तीव्र दाह होऊन बालक दगावू शकते.

शेवटी एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानी घ्यावी. हा विकार मातेच्या खाण्यापिण्यातील चुकीने होत नाही. त्या माउलीला दोष देण्यात एक दिवसही न दवडता बालकाला बालशल्यचिकित्सकाकडे न्यावे. वेळीच निदान झाल्यास शस्त्रक्रियेनंतर बहुतेक बालके चांगली वाढतात.