उंदीर, मोटार आणि दुरुस्तीचे बिल
(उत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



बाप्पांसमोर त्यांच्याच वाहनाची तक्रार करणे बरे नव्हे, पण नाइलाज आहे. आपल्या बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत पावसाळा लागला की कुणाच्या ना कुणाच्या मोटारीची वायर कुरतडलेली निघतेच. मी डिप्लोमा करून सिग्नल विभागात लागलो. उंदीर आणि केबल यांचे नाते वीस वर्षे पाहतो आहे, म्हणून हे चार शब्द.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून भूक नसली तरी तो कुरतडतो. पावसात बिळात पाणी शिरते. बॉनेटखाली मात्र ऊब, अंधार आणि आडोसा, तिन्ही मिळतात.

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी सुरू होईना. वर्कशॉपने सगळे वायरिंग बदलण्याचे ३८ हजारांचे एस्टिमेट दिले. मी विचारले, "वायरी तुटल्या किती?" त्याला उत्तर नव्हते. मग ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने एकेक वायर तपासून घेतली. तुटल्या होत्या तीन! त्याच जाडीची वायर जोडून सोल्डरिंग केले, वर स्लीव्ह चढवली. बिल २,४०० रुपये. मात्र एअरबॅगच्या वायरला असा सांधा देऊ नये. आणि पेट्रोलची नळी कुरतडलेली दिसली तर गाडी सुरूच करू नका. आग लागू शकते.

आता विमा. थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. मोठी पॉलिसी असेल तर उंदरांचे नुकसान त्यात धरले आहे का ते वाचा, फोटो काढा आणि दुरुस्तीआधी कंपनीला कळवा. पण हिशेब करा. १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले १,००० रुपये आपल्याच खिशातले. साध्या पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. शिवाय पुढच्या हप्त्यातली 'नो क्लेम बोनस'ची सवलत जाते, आणि ती ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. लहान बिलासाठी क्लेम बहुधा महागच पडतो.

आमच्या शेजारच्या एका निवृत्त गार्डसाहेबांनी पेन्शनच्या पैशांतून सगळे वायरिंग नवे बसवले. दोन महिन्यांत तेही कुरतडले गेले, कारण गॅरेजच्या दाराखालची फट तशीच होती. रिले रूममध्ये केबल आत येते ती प्रत्येक जागा आम्ही बंद करतो. पेन्सिल जाईल एवढे भोकही लहान उंदराला पुरते. फटीला पत्रा ठोका. गाडीत खाऊचे पुडे ठेवू नका. कचराकुंडीजवळ गाडी लावू नका. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. बॉनेटमध्ये विष ठेवू नका; उंदीर ब्लोअरमध्ये जाऊन मेला तर त्याचे बिल वेगळे!

थोडक्यात, आधी तपासणी, मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीच्याच दिवशी फट बंद. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!