दप्तर जपणारी चकती
(हैदराबाद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हैदराबाद आणि मराठवाडा यांचे नाते दप्तराचेही आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात आले. निजामकालीन पुष्कळसे कागद मात्र हैदराबादेतच राहिले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी येथील जुने अभिलेखही धुंडाळले. एखाद्या जीर्ण पानावरील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो. म्हणूनच अशा कागदांची छायाप्रत संगणकात साठविताना जागेची व्यवस्था विचारपूर्वक करावयास हवी.

जुन्या पद्धतीत संगणकाच्या चकतीचे आरंभीच कायमचे भाग पाडीत. पुढे एक भाग भरून वाही आणि शेजारचा रिकामा राही. शेताचा बांध हलवावा तसा हा बांध सहज हलविता येत नसे.

यावर उपाय म्हणजे तार्किक खंडांची पद्धत होय. लिनक्स प्रणालीसाठी ती १९९८ च्या सुमारास हाइन्ट्स माउएल्सहागेन यांनी सिद्ध केली. जमिनीच्या एकत्रीकरणाशी परिचित असलेल्यांना ती सहज उमगेल. प्रथम प्रत्येक चकती 'भौतिक खंड' म्हणून नोंदवावयाची. मग अशा खंडांचा एक 'गट' करावयाचा. शेवटी त्या गटातून गरजेपुरते 'तार्किक खंड' वाटून द्यावयाचे. वाटपाचे माप सामान्यतः ४ मेगाबाइटचे असते. १०० गिगाबाइटच्या खंडात अशी २५,६०० मापे बसतात. गटातील सर्व जागा पहिल्याच दिवशी वाटू नये. काही शिल्लक राखावी. जागा संपत आल्यास नवी चकती गटात घालून खंड वाढविता येतो.

मात्र क्रम चुकता कामा नये. वाढविताना आधी खंड वाढवावा, नंतर त्यावरील फाइलप्रणाली. कमी करताना आधी फाइलप्रणाली आटोपशीर करावी, मगच खंड. उलट केल्यास नोंदी कापल्या जातात. एक्सएफएस फाइलप्रणाली तर वाढते, परंतु तिचा संकोच करता येत नाही. म्हणून निवड आरंभीच जाणून करावी.

आणखी एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. एकच खंड दोन चकत्यांवर नुसता पसरलेला असेल आणि त्यांतील एक बिघडली, तर संपूर्ण खंड धोक्यात येतो. गट केल्याने जागा वाढते, सुरक्षितता नव्हे. यास्तव प्रत्येक दप्तराची दुसरी प्रत वेगळ्या चकतीवर आणि वेगळ्या इमारतीत ठेवावी, व ती उघडते की नाही हे वेळोवेळी पडताळून पाहावे.

पूर्वीचे कारकून दप्तर रुमालात बांधून वाळवीपासून जपत. साधन बदलले, तरी कर्तव्य तेच आहे. उद्या कोणी ग्रामस्थ आपल्या पणजोबांची नोंद मागावयास येईल, तेव्हा ती त्याला मिळाली पाहिजे.